जावयाला पावती मागायची नसते

माझ्या नणंदेच्या यजमानांचं, म्हणजे दाजींचं, संगमनेरला मोबाईल-लॅपटॉपचं दुकान आहे. तिथे आठ महिने काउंटरवर मांडून ठेवलेला, आल्या-गेल्यानं बोटं आपटून बघितलेला लॅपटॉप त्यांनी मला दिला. डिस्प्लेचा पीस आहे, पण घरचाच माल समजा, म्हणाले. पैसे रोख घेतले. पावती दिली नाही आणि मीही मागितली नाही. आमच्यात जावयाला पावती मागत नाहीत. ही माझी चूक, आणि तिचा राग मला आजही स्वतःवरच येतो.

मी राजूरजवळच्या शाळेत शिकवते. बेचाळिसाव्या वर्षी एम. ए.ला नाव घातलं होतं. सातवीनंतर डोंगरातल्या मुलींची शाळा का सुटते, हा प्रबंधाचा विषय. दोन वर्षं रविवारी वाड्या-वस्त्या तुडवल्या, मुलींच्या आयांशी बोलले, आणि ते सगळं त्या लॅपटॉपवर लिहिलं. दुसरीकडे प्रत ठेवायचं उद्यावर ढकलत राहिले. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले असताना एका सकाळी लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर दुकानाची जाहिरात आणि पासवर्डची चौकट. माझा पासवर्ड चालेना. आपण अजून विकलेच गेलेलो नाही, अशी त्या यंत्राची समजूत झाली होती.

दाजींना फोन केला. पासवर्ड कंपनीच्या माणसानं घातलेला आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला. कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. खरेदीची पावती दाखवा, आतलं काही न पुसता कुलूप काढून देतो, म्हणाल्या. मला हायसं वाटलं. पुन्हा दाजींना फोन करून पावती मागितली, तेव्हा खरं बाहेर आलं. डिस्प्लेचा पीस वर्षभर विकायचाच नव्हता. पावती केली तर त्यांची एजन्सी जाणार.

सासूबाईंच्या कानावर गेलं. अधिक महिना चालू होता, येत्या रविवारी लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला यायचे होते. त्या कडाडल्या, "अधिकात जावई म्हंजी नारायण. त्याला पावती मागती व्हय गं? काय लाज हाय का न्हाई?" यजमान वर्तमानपत्रामागे बसले होते. ‘बघू,’ म्हणाले. लग्न झाल्यापासून मी हा ‘बघू’ ऐकते आहे, त्यातून आजवर काही दिसलेलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

रविवारी पहाटेपासून पुरणाचे धोंडे मीच केले, अनारसेही मीच तळले. दाजींना पाटावर बसवून ओवाळलं, वाण दिलं. त्यांनी तूप ओतून तीन धोंडे खाल्ले. हात धुतल्यावर लॅपटॉप मागवला. रिसेट मारला की नव्यासारखा होतो, असं मोठ्या मनानं सांगितलं. आतलं सगळं जाईल, मी म्हटलं. त्यावर ते हसून म्हणाले, "वैनी, तुमी मास्तरीण. तुमाला काय, परत लिवताल."

परत लिहीन. भात करपला तर परत लावतात तसं. एक आई माझ्याशी बोलताना भाकरी थापायची थांबली होती, पुन्हा तशी थांबेल का, हे कुणी विचारलं नाही. नणंद खाली मान घालून बसली होती. तिच्या घरातली चूल त्या एजन्सीवर पेटते, हे मला माहीत होतं. म्हणून पावतीचा हट्ट मी सोडला. दाजींसाठी नाही सोडला.

पण बटण मीच दाबणार, एवढं मात्र बजावलं. माझं लिहिलेलं दुसऱ्या कुणाच्या बोटानं पुसलं जाणार नव्हतं. दाबलं. दोन वर्षं पुसायला त्याला अर्धा तास लागला. मग पडद्यानं मालकाचं नाव विचारलं. दाजी सवयीनं पुढे वाकले आणि माझ्या यजमानांचं नाव टाकू लागले. मी त्यांचा हात बाजूला सारला. जावयाचा हात, तोही अधिक महिन्यात. सासूबाईंनी डोळे वटारले. मी माझं नाव टाकलं, पासवर्ड घातला.

पुन्हा वाड्या तुडवल्या, पुन्हा लिहिलं, पुढच्या सत्रात प्रबंध दिला, पास झाले. लॅपटॉप अजून चालतो. यजमान अधूनमधून विचारतात, पासवर्ड काय ठेवलास?

बघू, म्हणते मी.