घरातलं एकच मत

ही फजिती माझ्या सुनेकडून ऐकाल तर ती तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा मीच सांगते. ऐका!

नामांतराच्या काळातली गोष्ट. विद्यापीठाच्या एका नावासाठी सगळा मराठवाडा पेटलेला, आणि ताडकळसजवळच्या आमच्या खेड्यात मी काय करावं? घरातली तीन नावं एका दमात पुसून टाकली!

झालं असं, मतदारांची नवी यादी करायला नुकतेच बदलून आलेले गुरुजी दारात आले. लय घाईत. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "आक्का, तुमच्या घरात मतं किती?"

हा काय प्रश्न झाला? मी ठणकावलं, "एक! माझं."

"आन मालकांचं?"

"त्यांनाच इचारा की!"

आमचे मालक बाजेवर सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काई मत न्हाई बाबा. ही म्हणल तसं."

"मुलाचं?"

"ते बापावर गेलंय."

"आन सूनबाई?"

चुलीपुढून सुमनचा आवाज आला, "मला कुठं मत हाय, गुरुजी!"

गुरुजींना वाटलं, बाकीच्यांची नावं शेतातल्या आखाड्याच्या, म्हणजे शेतवस्तीच्या, यादीत असतील. एक नाव लिहून गेले. मी खूष! या घरात कोणाचं चालतं, हे आता सरकारलाही कळलं.

पुढं यादी शाळेत लागली. सुमनचं पहिलंच मतदान. दहादा म्हणाली, "आत्याबाई, माझं नाव तेवढं बघून या." मी शाळेत गेलेली नाही, पण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले. मी नाही बघणार तर कोण?

शाळेच्या भिंतीवर लोकसभा मतदारसंघाचा नकाशा. भोवती लाल रेघ. गुरुजी म्हणाले, "आक्का, ही हद्द. हिच्या आतल्या सगळ्यांचा मिळून एक माणूस दिल्लीला जातो."

मी रेघेवरून बोट फिरवलं. आत पेडगाव, आत पालम, आत आपलं ताडकळस! एस.टी.नं दिवस मोडतो एवढा मुलूख, माझ्या एका वितीत! ज्यांचं तोंड मी जन्मात बघणार नाही ती माणसं आणि मी एकाच रेघेच्या आत. अंगावर काटा आला हो!

आणि यादी? पाटलाला एक ओळ, त्याच्या सालगड्यालाही एकच ओळ. भीमनगरातली कोंडाबाई, मोमीनांची जैतुनबी, सगळ्या सारख्याच अक्षरात. पाटलाचं अक्षर तसूभर मोठं नाही! आणि मग, माझं नाव. छापलेलं! उभ्या जन्मात पहिल्यांदा. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, बोटानं चाचपलं. त्याच्या खाली काय आहे, काय नाही, कुणाला सुचतंय?

घरी येऊन सांगितलं, "समदं बरोबर हाय."

मतदानाच्या दिवशी सुमन नवं लुगडं नेसून माझ्याआधी रांगेत. साहेबांनी यादीवरून बोट वर नेलं, खाली नेलं. "बाई, तुमचं नाव न्हाई. ह्या घरात एकच मत लिवलंय."

एकच मत! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सुमन पदरानं डोळे टिपून दारात जाऊन उभी राहिली. भांडली असती तर बरं होतं.

"साहेब, माझा कागद हिला द्या."

"असं चालत न्हाई, आक्का. ज्याचं मत त्यानंच द्यायचं."

मी शिक्का घेऊन आडोशाला गेले. हा एवढा लांब कागद! नावांपुढं चित्रं. सबंध घराचं, मला तर वाटलं, त्या लाल रेघेतल्या साऱ्या मुलखाचं ओझं माझ्या मनगटावर आलं. जन्मभर सगळ्यांना मत सांगणारी मी, आणि ऐन वेळेला माझं मत मलाच सापडेना!

तोंडातून हाक गेली, "सुमन! अगं, कुणावर मारू शिक्का?"

"आक्का, गुप्त असतंय!" साहेब ओरडले.

आणि दारातून, अगदी अदबीनं, उत्तर आलं, "मला कुठं मत हाय, आत्याबाई!"