दानम्माचं इन्सुलिन

शेजारच्या दानम्मा लातुरात मेस चालवतात. मूळ गाव किल्लारीकडचं. भूकंपात घर गेलं, पत्र्याच्या शेडात चूल मांडली, पुढे गल्लोगल्ली क्लास निघाले तशी त्यांच्या पंगतीला पोरं वाढत गेली. लिंगायत बाई, लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत. पोरं मागं लागतात, "मावशी, प्रोटीन पाहिजे, अंडी करा की!" उत्तर ठरलेलं, "माझ्या चुलीवर प्रोटीन चढणार न्हाई."

काल जेवताना तनुजा, देवणीची पोरगी, घोकत होती की इन्सुलिन हे प्रोटीन आहे. दानम्मांनी ऐकलं आणि आज सकाळी शुगरची सुई घेतलीच नाही. दुपारी मी गेले तर भिंतीला टेकलेल्या, ओठ कोरडे पडलेले.

"अक्का, इतकी वर्षं मी अंड्याचा रस टोचून घेतला का हो?"

मी तनुजाला हाक मारली.

"मावशी, प्रोटीन म्हणजे अंडंच न्हाई. तुमच्या वरणात बी हाय. इन्सुलिन तर शरीरच बनवतंय. पेशीत लांब साखळी तयार होते, तिची घडी पडते, मग पेशीतल्याच गॉल्जी नावाच्या खोलीत तिच्या पुड्या बांधतात, पुडीतच मधला तुकडा कापला जातो. साखर वाढली की पुडी रक्तात रिकामी."

"बांधतंय कोण?"

"पेशीच. कुठं जायचं त्याचा पत्ता साखळीच्या टोकालाच असतोय."

"आणि पत्ता लिहितंय कोण?" हे मी विचारलं.

"जीन."

"हा कुठला देव गं?" परत मीच.

"काकू, तुम्ही थांबा की जरा!"

दानम्मा म्हणाल्या, "मग माझ्यात कुठं अडलं?"

"बनवणाऱ्या पेशी दमल्यात. म्हणून बाटलीतलं घ्यायचं. ते जंतूंकडून करून घेतात. जंतूंना पुड्या बांधता येत न्हाईत, म्हणून घडी, कापणी कारखान्यात."

"जंतू! हे तर अंड्यापरीस वाईट!"

"विरजणात काय असतंय मावशी? जंतूच की."

दानम्मांनी फळीवरच्या विरजणाकडं बघितलं. मीही. रोज देवाला दह्याचं पंचामृत घालते मी.

तेवढ्यात त्यांना उलटीची उबळ आली. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडले, आत्ता सुई द्या आणि घेऊन या. तनुजानं फ्रिजमधून बाटली काढली. दानम्मांनी हात मागं घेतला, मग स्वतःच पदर सरकवला.

"टोच बाई. मला काय बी कळलं न्हाई. पण दही सोडणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

रिक्षात दवाखान्यापर्यंत त्या माझा हात धरून बसल्या होत्या.