टँकरवाल्यासमोर रणगाड्यांचं व्याख्यान

मी मोटारींच्या दारांना लागणारं रबर डिझाइन करतो. पाऊस-वारा गाडीत शिरू नये म्हणून असतं ते. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आम्ही राहतो, तिथे आमच्या ओळखीतले निम्मे लोक मोटारीचा असा एखादा तुकडा सांभाळून पोट भरतात. रणगाड्याला मी जन्मात हात लावलेला नाही. तरीही एक्क्याण्णव साली अमेरिकन रणगाड्यांनी इराकच्या वाळवंटात केलेली चढाई हा ‘माझा विषय’ आहे, असं मी चारचौघांत सांगत असे. त्या वर्षी मी नागपूरला इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या टीव्हीवर वाळू उडवत जाणारे रणगाडे पाहिले आणि ते डोक्यात बसले. पुढे पुस्तकं जमवली, नकाशे जमवले. बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, “त्याला वाळवंटाबद्दल विचारू नका, जेवण गार होईल.”

गेल्या वर्षी गावातल्या लायब्ररीने हौशी वक्त्यांना बोलावलं आणि मी लगेच नाव दिलं. दोन महिने तयारी केली. बेसमेंटमध्ये मुलीला श्रोता म्हणून बसवलं. ती इथेच जन्मलेली, कॉलेजात जाणारी. अर्धा तास ऐकून म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट ॲरोज.” खरंच माझ्या प्रत्येक स्लाइडवर एक जाडजूड निळा बाण होता. पश्चिमेकडून वळसा घालून तो शत्रूच्या बगलेत घुसायचा. मी तिला म्हणालो, “हाच तर वेग आहे.”

शनिवारी सकाळी लायब्ररीत चौदा माणसं आली. त्यातली चार आमच्या घरी गणपतीला येणारी, म्हणजे भिडेखातर आलेली. मी हातात लेझर पॉइंटर घेऊन, आवाज जरा खाली आणून बोललो. “चार दिवस,” मी म्हणालो, “चार दिवस हे रणगाडे थांबलेच नाहीत.”

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याने हात वर केला. उंच, कानात श्रवणयंत्र, चेक्सचा शर्ट.

“डिझेल कुठे भरलं त्यांनी?” त्याने विचारलं.

“रसदपुरवठा चोख होता,” मी म्हणालो.

“चोख नव्हता.”

पुढे मी जे बोललो ते आठवलं की आजही कान तापतात. कमालीच्या सौजन्याने हसून मी विचारलं, “हे आपण कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

“वाचलं नाही. मी टँकर चालवत होतो.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी पॉइंटर बंद करायला गेलो आणि चुकून पुढची स्लाइड लावली. तिच्यावर आणखी एक बाण होता.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दाराने निसटणार होतो, पण बायको त्याच्याशी बोलत उभी होती. तिने त्याला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंसुद्धा. गाडीत ती एवढंच म्हणाली, “तू त्याला काहीच विचारलं नाहीस. मग मी विचारलं.”

रविवारी तो आला. वरण-भात व्यवस्थित जेवला. मग मी डायनिंग टेबलवर मोठा नकाशा पसरला, त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणालो, “तुमचा रस्ता दाखवा.”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. “मला काय माहीत? माझ्याकडे नकाशा नव्हता. पुढच्या ट्रकचा मागचा दिवा होता, त्याच्यामागे जायचं.” दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आणि वाळूचं वादळ एकदमच आलं आणि तो दिवा दिसेनासा झाला. टँकर डिझेलने भरलेला, शेजारी विशीतला सोबती. अंदाजाने चालवत राहिले. बऱ्याच वेळाने समोर काळे ठिपके दिसले. आपले की त्यांचे, ते जवळ जाईपर्यंत कळेना. आपलेच होते. रणगाडे उभे होते, इंजिनं बंद करून.

“रणगाड्यांचा अधिकारी उतरून धावत आला,” तो म्हणाला. “मला वाटलं, उशीर झाला म्हणून शिव्या घालणार. त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. रडत होता.” मग माझ्या निळ्या बाणावर पेन्सिल उचलून टेकवली आणि म्हणाला, “इथेच कुठेतरी असेल. तुझा बाण इथे पळतोय. ते माझी वाट बघत बसले होते.”

मी तोंड उघडलं. मला त्या रणगाड्याच्या टाकीची क्षमता पाठ होती आणि ती सांगायचा मोह झाला होता. मुलीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मग तिनेच विचारलं, “वेअर यू स्केअर्ड?”

“हो,” तो म्हणाला. “रणगाड्याला चिलखत असतं. माझ्या पाठीशी नुसतं डिझेल होतं.”

मे महिन्यात आम्ही दोघांनी मिळून पुन्हा कार्यक्रम केला. व्याख्यान द्यायला तो तयार नव्हता, प्रश्न विचारलेत तर सांगेन म्हणाला. मी प्रास्ताविक दहा मिनिटांवर आणलं, त्यातही त्याला दोनदा डुलकी लागली. श्रवणयंत्र बंद ठेवलं होतं, हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं. मग पाऊण तास लोक त्याला विचारत राहिले. एका बाईंनी तो सोबती पुढे कुठे गेला, असं विचारलं. “ओहायोत आहे,” तो म्हणाला, “फोन करतो कधीकधी. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधीच बोललेलो नाही.” मी बाजूच्या खुर्चीवर बसून हे सगळं वहीत उतरवून घेत होतो.