मुलाची संकष्टी

माझ्या मुलाला बाजरीच्या भाकरीचा फक्त वरचा पापुद्रा चालतो. खालचा भाग ताटात दिसला तरी तो ताट सरकवून देतो. शेजारी दही लागतं, पण दह्याने भाकरीला शिवायचं नाही. उरलेल्या भाकऱ्या मी खाते. माझं वजन कशाने वाढलं, हे कुणी विचारू नये.

तो सहा वर्षांचा आहे, बोलत नाही. चार-चार दिवस त्याला शौचाला होत नाही. मग पोट कडक होतं आणि तो भिंतीवर डोकं आपटतो. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना पोटाचा त्रास असतो, याला तो सांगता येत नाही एवढंच. त्यांनी औषध दिलं आणि याचं जेवण चुकवू नका म्हणाले.

औषधाच्या जोडीला सासूबाईंनी मला संकष्टी धरायला लावली, नातवाच्या पोटासाठी.

गंमत अशी, की माझा उपास असला की मुलगाही जेवेना. सासूबाईंनी सोनईतल्या आमच्या सगळ्या गल्लीला कौतुकाने सांगितलं, की पोरगं आईबरोबर संकष्टी करतं. बायका त्याच्या पाया पडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. दर संकष्टीनंतर त्याचं पोट मात्र जास्तच बिघडायचं.

एका संकष्टीला दुपारी त्याला वाढून बसले. तो ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज मी त्याच्या भाकरीतला तुकडा आधी खाऊन बघते, चटका बसू नये म्हणून. उपासाला ते राहायचं. मी गिळलं की मगच त्याला त्या भाकरीचा भरवसा वाटत असणार. नवऱ्याने समोर बसून तुकडा खाऊन दाखवला, पण मुलाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सासूबाईंना मी हे सांगितलं. मी तुकडा तोंडात घातला आणि तसाच धरून बसले. उपास त्याच्यासाठीच होता, तो मोडला तर त्यालाच भोवेल, अशी भीती वाटली. बी.एड. झालेली असून वाटली.

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "गीळ आता. त्यो बघतोय."

मी गिळलं, आणि तो जेवायला लागला.