मावशींचं रेकॉर्डिंग

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला 'हरित ग्रंथालय' म्हणून मिळालेली ट्रॉफी माझ्याच टेबलासमोर ठेवली आहे. तिच्याकडे बघितलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी पालघरला ग्रंथपाल आहे. मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांना शाश्वत विकासाचा भलताच पुळका आला. बोईसरच्या एका कारखान्याने गच्चीवर सोलर बसवून दिलं, दारात कुंड्या आल्या. खरं काम मात्र त्याआधीच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर झालं होतं. विद्यार्थ्यांना घेऊन मी तारापूरकडच्या खाडीकाठच्या गावांत फिरले होते. विहिरी कशा होत्या, कुठली मासळी गेली, हे तिथल्या माणसांच्या तोंडून आम्ही रेकॉर्ड केलं होतं. पुढे कुणी या खाडीचा अभ्यास केला तर त्याच्या हाताशी असावं, म्हणून.

त्यात खाडीतले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, पकडून विकणाऱ्या एक मावशी होत्या. सगळ्यात मोकळं त्याच बोलल्या. कुठल्या कारखान्याचं पाणी कुठल्या नाल्यातून येतं, त्याला कसला रंग असतो, शिजवली तरी चिंबोरीचा रॉकेलसारखा वास कसा जात नाही. बोलून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"बाई, माजं नाव कुटं लावू नका. पोरगा त्याच कारखान्यात ठेक्यावर हाय. त्यांना समजलं तर काढतील त्याला."

"नाही लावणार, मावशी," मी म्हटलं. रेकॉर्डिंगला नुसता क्रमांक दिला. नावांची आणि फोटोंची फाइल वेगळी ठेवून तिला पासवर्ड घातला.

आई आजारी म्हणून मी रजेवर गेले आणि इकडे ऑफिसने कॉम्प्युटरवाल्याकडून ती फाइल उघडून घेतली. समितीला पुरावा दाखवायचा होता ना! परत आले तर दारातच मोठा फलक: मोबाइलने स्कॅन करा आणि ऐका. मी स्कॅन केलं. मावशींचा आवाज, खाली त्यांचं नाव, गाव, फोटोसुद्धा. शेजारी सोलर देणाऱ्या कारखान्याचे साहेब फलकाच्या उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे म्हणून उभे होते आणि कानाला मोबाइल लावून तेच ऐकत होते. मावशींचा मुलगा यांच्याच कारखान्यात होता.

मी तरातरा प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, ते आत्ताच्या आत्ता काढा. मी शब्द दिलाय."

"मॅडम, ज्ञान खुलं हवं. तुम्हा लोकांना सगळं कुलपात ठेवायची सवय."

भेटायला आलेल्या पोरांना तासन् तास बाहेर ताटकळत ठेवणारा माणूस मला खुलेपणा शिकवत होता! मी बाहेर येऊन फलक फाडला. त्यांनी लगेच दुसरा लावला, आणि समिती जाईपर्यंत तो तसाच राहिला.

ठेकेदाराने मावशींच्या मुलाला गेटवर एवढंच सांगितलं, "कल से मत आना." कारण कुणी सांगितलं नाही.

मग मावशी ग्रंथालयात आल्या. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माजा आवाज हाय का अजून?"

"आहे, मावशी."

"मग परत रेकॉर्डिंग लावा. माजं नाव मीच सांगते. जायचं ते गेलं, आता आमी कशाला लपू?"

मी खरंच करायचं ना म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसल्या. नाव, गाव सगळं ठासून सांगून गेल्या, आणि ते मी जुन्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जोडलं.

हे कळताच प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, ते डिलीट करा. असा वैयक्तिक डेटा आपण ठेवू शकत नाही. त्या बाईंच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांना लपायचं होतं तेव्हा तुम्ही त्यांना दारात टांगलंत. आता त्यांना बोलायचंय तर सुरक्षितता आठवली?"

मी डिलीट केलेलं नाही. मला मेमो मिळाला आहे, तो ट्रॉफीखाली ठेवलाय. रेकॉर्डिंगची एक प्रत मावशींच्या मुलाच्या मोबाइलमध्येही आहे. खाडीबद्दल विचारत कुणी विद्यार्थी आला की मी त्याच्या हातात हेडफोन देते. सगळ्यात आधी त्याला मावशींचं नाव ऐकू येतं.