वनिताने पानाच्या जुन्या आवृत्त्या वाचल्या

मंडळी, नोकरीच्या एजंटला उद्या सकाळपर्यंत कळवायचंय आणि मी नुसता आत-बाहेर करतोय.

२००० साल उजाडायच्या आत प्रोग्रॅम दुरुस्त करायच्या वायटूकेच्या कामासाठी अमेरिकेची ऑफर आलीय. माझी सवय तुम्हाला माहितीये. काहीही ठरवायचं असलं की मी घरच्या कॉम्प्युटरवर विकीचं एक पान उघडतो आणि सुचेल तसं बदलत राहतो. जुनी प्रत्येक आवृत्ती जपून ठेवतो, हे तुम्हाला ऐकवून मी पिडलंयही. ‘अमेरिकेला जावं का’ हे पानही तसंच.

आज माझी बायको वनिता कल्याणहून शाळा आटपून डोंबिवलीला घरी आली. पान उघडंच राहिलेलं. तिने सगळ्या आवृत्त्या पहिल्यापासून वाचल्या.

पहिल्या आवृत्तीत होतं, ‘वनिताला शाळेतली पर्मनंट नोकरी सोडावी लागेल.’ पुढे झालं, ‘वनिताच्या नोकरीचं बघावं लागेल.’ मग, ‘वनिता ॲडजस्ट करेल.’ कालच्या आवृत्तीत ती ओळच नव्हती.

“ॲडजस्ट करेन असं मी कधी म्हटलं रे?”

“अगं, पान फार लांबलेलं, म्हणून जरा आटोपशीर केलं.”

तिने पानावर एक ओळ टाइप केली, सेव्ह केली आणि पिशवी घेऊन भाजीला गेली.

‘वनिताला अजून विचारलेलं नाही.’

ही मेल पाठवेपर्यंत इंटरनेटने फोनची लाइन अडकलेली आहे, तेवढा वेळ एजंटचा फोन येणार नाही. पण वनिता आता येईलच. आल्यावर विचारलं, तर ते खरंच विचारणं होईल का, की ती ओळ खोडता यावी म्हणून विचारल्यासारखं?