मामांनी धरलेले मार्क

जगात कोणतीही गोष्ट दिसते तेवढी नसते, हटकून कमीच असते, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा सख्खा मामा निघाला. इतर मुलांचे मामा भाच्याला पाहून म्हणतात, "अरे वा, केवढा उंच झालास!" आमचे मामा मला गावाहून, दारव्ह्याच्या मोटारीतून उतरताना पाहिलं की आधी माझ्या पायांकडे बघायचे आणि म्हणायचे, "वाढला दिसते, पण चप्पल जाड आहे." मी कॉलेजसाठी नागपुरात त्यांच्याकडे राहायला आलो तो सत्तरीच्या दशकाचा मधला काळ. महाल भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मामांच्या कात्रीखाली यायला घरात मामी आणि मी, एवढीच माणसं होती.

ही सवय त्यांना धंद्यानं लावली की सवय होती म्हणून तो धंदा त्यांना सापडला, देव जाणे. मामा संत्र्यांचे दलाल होते. काटोल-नरखेडकडच्या बागा आणि कलकत्त्याचे व्यापारी यांच्या मधे उभं राहायचं आणि तोडणीच्या आधी, झाडावर फळ किती आहे ते नुसत्या नजरेनं सांगायचं, हे त्यांचं काम. झाडाखाली जायचं, काळी टोपी मागे सारायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "नऊशे." बागवाला खूश होतो न होतो तोच वजाबाकी सुरू व्हायची. आपोआप गळतील ती गेली, माकडं खातील ती गेली, वारा सुटला तर गेली, पेटीत दबून सडतील तीही गेली. मामांचं बोलणं संपेपर्यंत त्या झाडावर पानंसुद्धा उरायची नाहीत. एकदा एका म्हाताऱ्या बागवाल्यानं हात जोडले आणि म्हणाला, "दलालसाहेब, आता पुरे करा, नाही तं माह्यंच झाड मले तुमच्याकडून विकत घ्यावं लागन." मामा हसले नाहीत. विनोदातही त्यांना थोडी सड दिसत असावी.

ही कापाकापी त्यांनी बाजारात ठेवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते ती घरी आणायचे. मामींचा ताप एकशे दोन निघाला की म्हणायचे, "शंभर धर वं. काचेच्या नळीचं काय खरं, बगलेत गरम झाली ती." मे महिन्यात आकाशवाणीनं सेहेचाळीस अंश सांगितले की यांचे चव्वेचाळीस. "तिथल्या साहेबाले पंख्याखालून उठलं का जास्तच वाटते," हे त्यावरचं शास्त्र. असेच एका वर्षी ते चव्वेचाळीस सिद्ध करायला भर दुपारी दुपट्टा न बांधता सायकलवर सक्करदऱ्याला गेले आणि सायकलरिक्षात आडवे होऊन परत आले. मामी डोक्यावर कांदा ठेवताहेत, मी पन्हं पाजतोय, आणि हे डोळे मिटून पुटपुटताहेत, "लागलं ऊन. पण एवढं नाही लागलं." आता अशा माणसाला काय म्हणावं?

अशा माणसाशी संसार करायचा म्हणून मामींनी आपली एक सोय लावून घेतली होती. ती मला पहिल्याच वर्षी कळली. घरी सत्यनारायण होता. बोलावणी झाली, किती माणसं जेवायला येतील म्हणून मामींनी विचारलं, आणि मामांनी नेहमीप्रमाणे कोणाची तब्येत, कोणाचं भांडण, कोणाचा आळस असं सगळं कापून आकडा दिला, "चाळीस येतीन." मामींनी मान डोलावली, स्वयंपाकघरात आल्या आणि पन्नासांचे तांदूळ काढायला लागल्या. मी म्हटलं, "मामी, पन्नासांचे काहून?" त्या हळूच म्हणाल्या, "यांचा आकडा आला का त्याच्यावर पाव चढवायचा. माह्या लग्नापासून असंच चालू आहे. फक्त त्यांले नको सांगू बापा, वाईट वाटन त्यांले." पानं पन्नासच उठली. आणि संध्याकाळी आमचे मामा सुपारी कातरत, विजयी मुद्रेनं आम्हाला सांगतात, "पाहिलं? चाळीस म्हणलो, चाळीसच आले." पंगत मोजायच्या भानगडीत ते कधी पडत नसत. आपला आकडा बरोबर असतो, एवढ्या एकाच बाबतीत त्यांना शंभर टक्के विश्वास होता, त्यातून मात्र ते काही कापायचे नाहीत.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मला मॅनेजमेंटचं वेड लागलं. तेव्हा नागपुरात ह्या प्रवेश परीक्षेचं नावसुद्धा फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. मी मुंबईच्या एका क्लासकडून पोस्टानं सरावाचे पेपर मागवले. दर रविवारी एक पेपर वेळ लावून सोडवायचा, पाकिटात घालून पाठवायचा, आणि तिकडून तपासून मार्क यायला पंधरवडा लागायचा. मधल्या काळात आपले मार्क आपणच धरायचे. मी ते सढळ हातानं धरायचो. जे पक्कं आलं त्याचा मार्क, जे येत होतं पण घाईत चुकलं त्याचाही मार्क, आणि जे अजिबात येत नव्हतं पण वाचताना ओळखीचं वाटलं, त्यालाही माणुसकी म्हणून अर्धा. असे माझे दर रविवारी नव्वदच्या आसपास व्हायचे आणि पुढचा आठवडा मी महालातल्या गल्ल्यांतून कंपनीच्या मोठ्या साहेबासारखा चालायचो.

मामांच्या हे लक्षात आलं आणि माझं साहेबपण संपलं. ते बंगईवर बसून झोका घेत होते, तिथूनच म्हणाले, "आण इकडे तो पेपर." इंग्रजीचं त्यांना अक्षर कळत नव्हतं. पण त्यांनी तो पेपर हातभर लांब धरला, टोपी मागे सारली, एक डोळा मिटला आणि मला खोदून खोदून प्रश्न विचारले. सोडवले किती? पक्के किती? बाकीचे कशाच्या भरवशावर? चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात हे मी सांगितलं, तेव्हा झोका थांबला. "चुकलं का पाव कापते?" त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी सत्यनारायणालाही पाहिला नव्हता. "कोणं काढला बे हा नियम? मोठा शहाणा माणूस असन. त्याले एकदा आपल्या काटोलच्या बागेत नेलं पाहिजे." शिकलेल्या माणसांविषयी त्यांनी काढलेला हा पहिला आणि शेवटचा बरा शब्द. मग त्यांनी माझं झाड हलवायला घेतलं. "काल रात्री सिनेमाले गेला होता, चार गेले. इथे कडेले आकडेमोड लय दिसते, म्हणजे येत नव्हतं, सहा गेले. अन् हे पहिलं पान भलतंच साफ आहे. भैताड, ज्याले काही सुचत नाही त्याचंच पान साफ राहते. आणखी पाच." माझे नव्वद पाहता पाहता छप्पन झाले. मी चिडून जेवलो नाही. पंधरवड्यानं मुंबईहून मार्क आले, सत्तर. पुढच्या पेपरला मामांनी साठ धरले, आले पंच्याहत्तर. मामी ओट्याशी पोळ्या लाटत होत्या, वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "मी सांगतलं होतं ना, पाव चढव म्हणून." मी कॉमर्सचा विद्यार्थी, पण इतकं बिनचूक गणित मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. तेव्हापासून मी स्वतःचे मार्क धरणं सोडून दिलं. मामांना विचारायचो आणि गुपचूप पाव चढवायचो.

खऱ्या परीक्षेच्या सुमारासच एका बँकेतून मला क्लार्कच्या जागेचं पत्र आलं. शाखा गोंदियाची; बी.कॉम. बाहेरून पुरं करता आलं असतं. जानेवारीत हजर व्हायचं, आणि दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यायचं. तिकडे मॅनेजमेंटवाल्यांची मुलाखतीची बोलावणी यायची ती फेब्रुवारीत. म्हणजे बँकेत गेलो तर मॅनेजमेंट गेलं, आणि बँक सोडली अन् बोलावणं आलं नाही, तर दोन्ही गेलं. वडील दारव्ह्याला शाळामास्तर होते, माझ्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. वडिलांनी निरोप धाडला, "तुझा तू विचार कर, पण चार वेळा कर." पंच्याहत्तरच्या वर मार्क गेले की बोलावणं येतंच, असं कॉलेजातले सगळे छातीठोकपणे सांगायचे. म्हणजे आता प्रश्न एकच उरला होता. मला मार्क किती पडतील?

पेपर देऊन मी सरळ घरी आलो. प्रश्नपत्रिका तिथेच काढून घेतली होती, त्यामुळे मामांना हातात धरायला काही नव्हतं. मी आठवून आठवून सांगत गेलो, सोडवले किती, पक्के किती, अंदाजानं किती. मामांनी त्या दिवशी टोपी मागे सारली नाही, डोळाही मिटला नाही. नुसते माझ्याकडे बघत बसले. सिनेमा नाही, साफ पान नाही, काही नाही. चहा निवून गेला, तेव्हा मीच म्हटलं, "मामा, किती धरायचे?" बंगईच्या कडीकडे बघत ते म्हणाले, "चौसष्ट."

मी स्वयंपाकघरात धावलो. मामींनी बोटांवर हिशेब केला, मी मनात केला, दोघांचे ऐंशी आले. मामींनी माझ्या तोंडात साखर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बागांचा नवा बहार बघायला नरखेडकडे गेले, आणि मी बँकेला नकार कळवून टाकला. आठवड्यानं ते परतले. मामींनी कौतुकानं ती बातमी सांगितली, तेव्हा ते बूट न काढता बंगईवर बसले आणि एवढंच म्हणाले, "मले विचारायचं तं होतं." मला वाटलं, माणूस सवयीप्रमाणे माझ्या आनंदातलाही थोडा कापून ठेवतोय.

फेब्रुवारी आला. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेल्या सदर भागातल्या एका मुलाला बोलावणं आलं. मला आलं नाही. पोस्टमन दिसला की मी दारात, आणि तो मान हलवून पुढे, असं करता करता फेब्रुवारी संपला आणि एका दुपारी माझा तोल गेला. मी मामांवर ओरडलो. "तुम्ही चौसष्ट सांगितले होते! म्हणजे ऐंशी व्हायलाच पाहिजे होते!"

"चौसष्टचे ऐंशी कसे बे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. पाव चढवायचं गणित, सत्यनारायणाचे तांदूळ, सरावाचे पेपर, सगळं. मामा ऐकत गेले. मग त्यांनी मामींकडे पाहिलं. "तूही वं? लग्नापासून?"

मामी पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "काय करू मग? लोक पंगतीतून उपाशी उठले असते."

मला वाटलं आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. पण मामा खाली बघत हळूच म्हणाले, "सरावाचे होते ते कापले गा. ह्याच्यातून नाही कापलं. हा खरा पेपर होता." मग म्हणाले, "अठ्ठावन्नच दिसत होते मले. तुह्यं तोंड पाहिलं अन् सहा वरून टाकले."

अठ्ठावन्नवर पाव चढवूनही साडेबहात्तरच झाले असते, मी बँक सोडली नसती. सगळ्या जगाला जन्मभर कमी मोजणाऱ्या माणसानं एकदाच कोणाला तरी जास्त मोजलं होतं, आणि तो कोणी म्हणजे मी, आणि त्यानंच मी बुडालो होतो. राग कोणावर काढायचा हेच मला कळेना. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि ते परीक्षेचं नव्हतं.

पुढे मी वीज खात्यात चिकटलो, बहिणींची लग्नं झाली, कोणाचं काही अडलं नाही. मामा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण मामा म्हटलं की मला त्या भांडणानंतरचा दुसरा दिवस आठवतो. सकाळी उठून बघतो तर मामा घरात नाहीत, आणि बाजारात न्यायला काढून ठेवलेली संत्र्यांची मोठी टोपली नाही. मामींनाही काही सांगून गेले नव्हते. आले ते दिवेलागणीला, धोतर धुळीनं भरलेलं, हात रिकामे. पाणी प्यायले आणि म्हणाले, "गोंदियाले गेलो होतो. तुह्या बँकेत."

साहेबाला भेटून, टोपली पुढे ठेवून, माझी जागा अजून आहे का विचारायला हा माणूस पॅसेंजरनं गोंदियाला जाऊन आला होता.

"मग?"

"भरली जागा. एक पोरगं बसलं आहे तिथे. बारीकसं आहे, चष्मेवालं. चांगलं वाटलं." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्यालेच देऊन आलो संत्रे."

मामी म्हणाल्या, "अख्खी टोपली? किती होते त्यात?"

"नाही मोजले वं," मामा म्हणाले.